करारात ‘समुदाय’, हिशेबात कुणीच नाही: उत्तर नागपुरातल्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणात तीन पक्ष आहेत. ब्रिटनमधलं एक विद्यापीठ, धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागात ऑफिस असलेली नागपूरची एक जुनी स्वयंसेवी संस्था आणि उत्तर नागपुरातल्या एका वस्तीचं महिला मंडळ. करारनाम्यावर सह्या मात्र दोघांच्याच. मंडळ त्यात ‘समुदाय’ म्हणून येतं, तेही उद्दिष्टांच्या परिच्छेदात. पैशांच्या परिच्छेदात ते कुठेच नाही. प्रकल्प निम्मा झाल्यावर मूल्यमापनासाठी मला बोलावलं गेलं, त्या कामातून हे टिपण निघालं. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण ही माणसं अजून एकमेकांबरोबर काम करतात. कुणाच्या मनात खोट होती असं मला कुठेच दिसलं नाही. म्हणून तर हे प्रकरण लिहिण्याजोगं वाटलं.

विषय उन्हाचा होता. नागपूरचं ऊन नागपूरकराला सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. पण हवामान खात्याचं तापमान सोनेगावला विमानतळाच्या मोकळ्या आवारात मोजलं जातं. टिनाच्या छपराखाली, दहा बाय दहाच्या खोलीत, रात्री अकराला किती असतं ते त्यावरून कळत नाही. विद्यापीठाला नेमकं तेच हवं होतं. त्यासाठी काडेपेटीएवढी तापमान नोंदवणारी यंत्रं घराघरांत टांगायची आणि त्या घरातल्या बाईने दिवसभराची वही लिहायची, अशी योजना होती. यंत्रं टांगणं, वह्या गोळा करणं, बॅटरी संपली की कळवणं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वही लिहून देणं, हे सगळं मंडळाच्या बायका करत होत्या. प्रकल्पाच्या प्रस्तावात समता, वैविध्य आणि समावेशन यांवर स्वतंत्र प्रकरण होतं. ते चांगलं लिहिलेलंही होतं.

शंभर टक्के वैविध्य

पहिल्या वार्षिक अहवालात एक वाक्य होतं: सहभागींपैकी शंभर टक्के व्यक्ती वांशिक अल्पसंख्याक गटातल्या आहेत. धरमपेठेतल्या ऑफिसात हे वाचून कुणी हसलं नाही, कारण कुणी ते वाचलंच नव्हतं.

वाक्य आलं होतं विद्यापीठाच्या फॉर्ममधून. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात भेदभावाविरुद्ध संरक्षण देणारे नऊ आधार आहेत: वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह आणि नागरी जोडीदारी, गरोदरपण आणि मातृत्व, वंश, धर्म किंवा श्रद्धा, लिंग आणि लैंगिक कल. फॉर्म त्याच नऊंवर बेतलेला. जात त्यात स्वतंत्र आधार म्हणून नाही. ती घालावी की नाही यावर तिकडे बरीच वर्षं खल झाला आणि २०१८ मध्ये सरकारने वेगळी तरतूद न करता न्यायालयांच्या निवाड्यांवर विसंबायचं ठरवलं. त्यामुळे आमच्याकडे झालं असं, की संस्थेची प्रकल्प समन्वयक, नाल्याकाठी भंगार वेचणारी बाई आणि मी, तिघींनीही ‘आशियाई – भारतीय’ या एकाच चौकोनात खूण केली. संगणकाने बेरीज केली. तिथल्या मोजमापाप्रमाणे प्रकल्प उत्तम चालला होता.

नागपुरात हे जास्तच खटकतं. एका रकान्याची किंमत काय असते ते या शहराला ठाऊक आहे. आपली जमात अनुसूचित जमातींच्या यादीत मोजली जावी म्हणून गोवारी समाज २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन आला. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि लेकरं जास्त. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. आणि मंडळातल्या पन्नाशीपुढच्या बायकांना हेही पाठ आहे, की १९५६ साली दीक्षा घेतलेल्या माणसांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जाती म्हणून मान्यता मिळायला १९९० ची दुरुस्ती यावी लागली. मधली चौतीस वर्षं कशी गेली ते त्या न विचारता सांगतात.

मग उपाय सरळ वाटतो: फॉर्ममध्ये जातीचा रकाना घाला. संस्थेने तसं सुचवलंही. पण मंडळाच्या अध्यक्ष ताईंनी बैठकीत विचारलं, “जात लिवून घेता, मंग पुढं काय करता तिचं?” याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. नावापुढे जात लिहिलेली यादी परदेशातल्या सर्व्हरवर जाणार, ती कोण बघणार, किती वर्षं राहणार, हे करारात नव्हतं. शेवटी जी पद्धत निघाली ती बायकांच्याच डोक्यातून. माणसाची जात लिहायचीच नाही. वस्तीचा नकाशा काढायचा आणि कोणत्या गल्लीतून बायका येतात, कोणत्या गल्लीतून येत नाहीत, एवढंच मांडायचं. वस्तीत कुठली गल्ली कुणाची हे सगळ्यांनाच माहीत असतं. नकाशा काढायला एक दुपार लागली. विद्यापीठाच्या फॉर्मने वर्षभरात जे दाखवलं नव्हतं ते त्यात दिसलं.

वस्तीतली वस्ती

नकाशात नाल्याकडच्या दोन गल्ल्या कोऱ्या होत्या. एकीत मांग-गारुडी कुटुंबं, दुसरीत भाड्याने राहणारी मुस्लिम कुटुंबं. यंत्रं तिथे एकाही घरात नव्हती. सगळ्यात जुने टिनपत्रे, सगळ्यात कमी वारा आणि पाण्याचा नळ सगळ्यात लांब, हेही तिथलंच.

मंडळात बौद्ध बायकांचं प्राबल्य होतं. चळवळीत मुरलेल्या, बोलायला खमक्या. बैठका विहारात होत. दुसऱ्यांना मज्जाव नव्हता, पण बोलावणंही नव्हतं. अध्यक्ष ताईंना हा प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. ज्यांना आयुष्यभर गावकुसाबाहेर ठेवलं गेलं त्यांनाच, तुम्ही कुणाला बाहेर ठेवता का, असं विचारायचं. त्या आधी चिडल्या. त्या लोकांचा भरवसा नाही, आज आहेत तर उद्या नाहीत, असं म्हणाल्या. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, “हेच आमच्याबद्दल धरमपेठवाले म्हनत असतीन.”

परदेशी भागीदाराला ‘समुदाय’ हा एकसंध गोळा दिसतो आणि मधल्या संस्थेला तो तसा ठेवणं सोयीचं पडतं, कारण एका अध्यक्षेशी बोललं की काम होतं. इथे पुढे बैठकीची जागा बदलली. आळीपाळीने विहार, अंगणवाडी आणि नाल्याकडच्या एका घराचं अंगण. अंगणातल्या पहिल्या बैठकीला जुन्या सभासदांपैकी निम्म्याच आल्या. हे मी अहवालात लिहिलं तेव्हा संस्थेने ‘उपस्थिती समाधानकारक’ असा बदल सुचवला. मी तो घेतला नाही.

साडेसहाची मीटिंग

दर पंधरवड्याला तिन्ही पक्षांची ऑनलाइन बैठक असे, ब्रिटनमधल्या दुपारी दोनला. उन्हाळ्यात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. घरकाम करणाऱ्या बायकांची दुसरी पाळी चारपासून आठपर्यंत. त्यामुळे मंडळाकडून कुणी येत नसे आणि इतिवृत्तात ‘समुदाय प्रतिनिधी: अनुपस्थित’ अशी नोंद होई. आठ-दहा इतिवृत्तं ओळीने वाचली तर असंच वाटेल की बायकांना रस नाही.

खरं तर दुपारी अडीच ते चार हा वेळ त्यांना मोकळा होता. उन्हाळ्यात तेव्हा ब्रिटनमध्ये सकाळचे दहा वाजतात, हिवाळ्यात नऊ. कुणाचीच फारशी गैरसोय नाही. फक्त हे कुणी विचारलं नव्हतं. वेळ बदलल्यावर चार बायका नियमित येऊ लागल्या, दोन कूलरसमोर आणि दोन फोनवरून. बैठक मराठीत सुरू करून इंग्रजीत सांगायची, असा क्रमही उलटवला. त्यामुळे ती लांबू लागली. विद्यापीठाच्या एका तरुण संशोधकाला ते जड गेलं आणि त्याने तसं मोकळेपणाने सांगितलं. मला ते आवडलं. आधीच्या दीड वर्षात कुणी कुणाला काही जड जातंय असं बोललंच नव्हतं.

कॅलेंडरचंही तसंच. विद्यापीठाच्या चमूने ऑक्टोबरच्या भेटीची तारीख ठरवताना दिवाळी टाळली होती, तेवढं त्यांना माहीत होतं. पण कार्यशाळा ठेवली ती बरोबर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या दिवशी. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. उत्तर नागपुरातल्या घराघरांत पाहुणे, भोजनदानाचे स्टॉल, पुस्तकांच्या पिशव्या. त्या दिवशी या बायकांना कार्यशाळेला बोलावणं म्हणजे कोकणातल्या माणसाला गणपतीत सभेला बोलावणं. परदेशी पाहुण्यांना हे कळलं नाही, समजू शकतं. धरमपेठेतून उत्तर नागपुरातल्या इंदोऱ्यापर्यंतचं अंतर काही फार नाही, तरी संस्थेलाही ते सुचलं नाही.

एकाच तक्त्यातल्या दोन ओळी

आता पैसा. प्रकल्पाचा अंदाजपत्रकी तक्ता मी मागवला. त्यात ‘नागरिक सहभाग’ असं एक शीर्षक आणि त्याखाली दोन ओळी. पहिली ओळ विद्यापीठाच्या शहरातल्या नागरिकांच्या सल्लागार गटाची: तासाप्रमाणे मानधन, अधिक प्रवासखर्च, अधिक मुलं सांभाळण्याचा खर्च. ब्रिटनमध्ये संशोधनाला वेळ देणाऱ्या सामान्य माणसांना असं मानधन देण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. दुसरी ओळ नागपूरची: चहा-नाश्ता, सतरंजी, झेरॉक्स.

काम कुणी जास्त केलं याचा प्रश्नच नव्हता. सल्लागार गट तीन महिन्यांतून एकदा बसून मतं देत होता. मंडळाच्या बायका मे महिन्यात, नवतपात म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, दुपारी घराघरांत जाऊन यंत्रांच्या बॅटऱ्या बदलत होत्या. हा तक्ता दोन्ही देशांतल्या किमान सहा जणांच्या नजरेखालून गेला होता. विद्यापीठातल्या मुख्य संशोधक बाईंना दोन्ही ओळी एकाखाली एक दाखवल्या तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, की दुसरी ओळ संस्थेने भरली होती, आम्ही स्थानिक पद्धतीत ढवळाढवळ नको म्हणून विचारलं नाही. संस्थेच्या संचालकांचं म्हणणं, की मानधन सुरू केलं तर सेवाभाव संपतो आणि पुढच्या प्रकल्पातही मागतील. मला विचाराल तर पहिलं कारण अदबीचं आहे आणि दुसरं जुनं. दोन्हींतून बायकांच्या हाती पडला तो चहाच.

कायद्याची भिंत

मात्र संचालकांकडे तिसरं कारणही होतं आणि ते खरं होतं. परकीय अंशदान विनियमन कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, त्यात सप्टेंबर २०२० मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तोवर एफसीआरए नोंदणी असलेली मोठी संस्था आपल्याला आलेल्या परदेशी निधीतला काही भाग दुसऱ्या नोंदणीकृत छोट्या संस्थेला देऊ शकत होती. दुरुस्तीने हे हस्तांतरण पूर्ण बंद केलं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. परदेशी पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा, असंही बंधन आलं.

याचा आमच्या प्रकरणात अर्थ असा, की संस्थेने मंडळाला निधीतला वाटा द्यायचं मनात आणलं तरी तो देता येत नाही. मंडळाने स्वतः नोंदणी घ्यावी म्हटलं तर संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. मंडळाची उलाढाल बचतीची आहे. बायकांचेच पैसे फिरून बायकांकडे जातात. त्यातून १५ लाखांचा खर्च दाखवायला किती वर्षं लागतील याचा हिशेब ताईंनी बोटांवर केला आणि सोडून दिला.

समता-समावेशनाच्या परदेशी मार्गदर्शिका या मुद्द्याशी येऊन थांबतात. त्या सांगतात, स्थानिक गटाला निर्णयात आणि निधीत समान वाटा द्या. इथला कायदा म्हणतो, निधीत वाटा देता येणार नाही. मधल्या मध्ये मोठ्या संस्थेचं वजन आपोआप वाढतं, कारण पैशाला यायला तेवढी एकच वाट उरते.

तीन पर्यायांवर चर्चा झाली. पहिला: मंडळाने सेवा पुरवायची आणि बिल लावायचं. कायद्यात व्यवसायाच्या ओघात दिलेल्या मालाचा किंवा सेवेचा मोबदला अंशदान धरला जात नाही. पण मंडळ ‘व्यवसाय’ करतं हे दाखवायचं कसं, यावर संस्थेचे सीए साशंक होते. त्यांना दोष देत नाही. नोंदणी रद्द झाली तर संस्थेतल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील. दुसरा: सल्लागार गटासारखं मानधन थेट विद्यापीठाने पाठवायचं. परदेशातून थेट वस्तीतल्या बायकांच्या खात्यात पैसे आले तर कोण काय विचारेल, या धास्तीने तो मागे पडला. तिसरा: बायकांना संस्थेने वैयक्तिक पातळीवर क्षेत्र-संशोधक म्हणून अर्धवेळ नेमायचं. हाच स्वीकारला गेला.

तो चालला, पण त्याने एक नवीन पेच आणला. मंडळाला काहीच मिळालं नाही. अकरा बायकांना पगार मिळाला. कालपर्यंत अध्यक्ष असलेल्या ताई आज संस्थेच्या समन्वयकेच्या हाताखाली आल्या. भागीदार म्हणून ज्या प्रश्न विचारत होत्या, त्यांनाच आता हजेरीपट द्यावा लागू लागला. ज्यांची नेमणूक झाली नाही त्या बायका बैठकीला यायच्या बंद झाल्या. नाल्याकडच्या गल्ल्यांमधून दोघींना घ्यायचं ठरलं, त्यावरून मंडळात चांगलीच खडाजंगी झाली. बँकेत पैसे आले हे खरं, आणि मंडळ थोडं पोखरलं गेलं हेही खरं. मूल्यमापनाच्या अहवालात दोन्ही लिहिलं आहे. विद्यापीठाने आपल्या संकेतस्थळासाठी फक्त पहिलं उचललं.

रात्री कोण कुठे झोपतं

आता ज्या गोष्टीसाठी हा प्रकल्प पुढे ओळखला जाईल तिच्याकडे येते. विद्यापीठाच्या वहीत ‘कुटुंब झोपण्याची वेळ’ असा एकच रकाना होता. मे महिन्यात वस्तीत कुटुंब एकत्र झोपत नाही. पुरुष आणि पोरं रस्त्यावर, ओट्यावर, हातठेल्यावर खाट टाकून झोपतात. बायका आणि वयात आलेल्या मुली दार लावून आत झोपतात, कारण बाहेर झोपणं त्यांना सुरक्षित वाटत नाही. बायकांनी वहीत हा रकाना पेनाने उभा दुभंगला: आत कोण, बाहेर कोण. कुणी सांगितलं नव्हतं. दिवसभराचं ऊन प्यायलेलं टिन रात्री आतल्या आत उष्णता सोडतं आणि ती सोसतात बायका. एकाच घरात, एकाच छपराशेजारी, रात्रीचा उन्हाळा दोघांना वेगवेगळा भेटतो. ही मांडणी विद्यापीठाच्या प्रश्नावलीत कुठेच नव्हती.

शोधनिबंधाचा पहिला मसुदा आला तेव्हा हा मुद्दा त्यात ठळक होता आणि बायका शेवटच्या ‘आभार’ विभागात होत्या. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकांच्या निकषांप्रमाणे लेखक ठरायला चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्याची चिकित्सा करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि त्याची जबाबदारी. पहिली अट बायका पूर्ण करत होत्या. बाकीच्या तीन इंग्रजीत अडकत होत्या. मसुदाच वाचायला मिळाला नाही तर त्याची चिकित्सा कशी करणार?

म्हणून मसुदा मराठीत वाचायची बैठक झाली, अंगणवाडीत, दोन दुपारी. कुणी काय हरकत घेतली ते लिहून ठेवलं. ‘सांस्कृतिक रिवाजामुळे स्त्रिया घरात झोपतात’ असं एक वाक्य होतं. त्यावर एक बाई उसळून म्हणाली, “रिवाज कायचा? गल्लीतला लाइट तीन महिन्यांपासून बंद आहे, ते लिवा ना!” वाक्य बदललं. रस्त्यावरच्या दिव्यांचा मुद्दा त्यातून निबंधात आला आणि महापालिकेच्या झोन ऑफिसला द्यायच्या निवेदनातही. बैठकीच्या नोंदी दाखवून दोन बायकांची नावं लेखकांमध्ये घालावीत असा प्रस्ताव गेला. विद्यापीठाने तो मान्य केला, संस्थेने आधी कुरकुर करून मग मान्य केला. बाकीच्या नऊ जणींचं काय, हा प्रश्न तिथेच राहिला. मंडळाचं नाव सामूहिक लेखक म्हणून द्यावं असं माझं मत होतं. बायकांना ते पटलं नाही. आपापली नावं छापून आलेली त्यांना पाहायची होती, आणि त्यांचं खरं होतं.

त्याच बैठकीत संस्थेच्या कुणीतरी विचारलं, की बाहेरच्यांनी आखलेल्या पद्धतीने काम करताना तुम्हाला परकं वाटतं का. ताईंनी दिलेलं उत्तर मी तसंच उतरवून घेतलं आहे. “बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती बर्माच्या भन्तेजींकडून, चंद्रमणी महास्थविरांकडून. मंग आमाले दीक्षा बाबासाहेबांनी सोता देल्ली, बावीस प्रतिज्ञा त्यायच्या हातच्या. बाहेरून घ्याले काय हरकत आहे? पुढचं आमाले ठरवू द्या.”

दुसऱ्या टप्प्याचा मसुदा

दुसऱ्या टप्प्याच्या कराराचा मसुदा फिरतो आहे. बैठकीची वेळ आणि भाषा त्यात कलम म्हणून आली आहे. दोन्ही देशांतल्या नागरिक सहभागाचा खर्च एकाच तत्त्वाने ठरवायचा, हेही आलं आहे. मात्र रक्कम ‘स्थानिक परिस्थितीनुसार’, आणि या दोन शब्दांवर अजून घासाघीस चालू आहे. गल्लीनिहाय नकाशा दर सहा महिन्यांनी नव्याने काढायचा आहे. तापमानाच्या नोंदींची एक प्रत वस्तीत राहावी ही मंडळाची मागणी विद्यापीठाच्या माहिती-संरक्षण विभागाने परत पाठवली, कारण प्रत कुठे ठेवणार आणि कुलूप कुणाकडे, याचं उत्तर फॉर्मच्या चौकटीत बसेना.

मंडळाने तिसरा पक्ष म्हणून सही करायची की साक्षीदार म्हणून, यावर विद्यापीठाचा विधी विभाग आणि संस्थेचे सीए यांचं एकमत झालेलं नाही. पैसे न घेता सही केली तर हस्तांतरणाचा प्रश्न येत नाही, असं विद्यापीठ म्हणतं. सीए म्हणतात, लेखी सल्ला आणा. ताईंनी कराराची मराठी प्रत मागितली आहे. ती हातात पडेपर्यंत वह्यांचं नवं काम सुरू करायचं नाही, असं मंडळाने ठरवलं आहे.